विहिरीकडचा कोपरा

माझ्या आत्येला सरळ करायला उद्या प्रत्यक्ष ब्रह्मदेव जरी अष्टमी गावात उतरला, तरी ती त्याला आधी फाटकाची कडी नीट लावून यायला सांगेल, मग अंगावर पाचोळा उडेल म्हणून लांब उभा करील आणि शेवटी कोरा चहा पाजून, त्याचं काहीएक ऐकून न घेता, आल्या वाटेनं परत पाठवील. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. लोकांना उगाच वाटतं की मी आत्येचं कौतुक सांगते. ‘काय बाई उत्साह या वयात’ असं म्हणून माझ्या पेणच्या मैत्रिणी हसतात, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. उत्साह कसला डोंबलाचा? निव्वळ हट्ट आहे तो. उत्साही माणूस चार जणांना बरोबर घेतो. ही बाई दुसऱ्या माणसाला फाटकाच्या आत घेत नाही.

आत्ये म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पंचाहत्तरी मागं टाकून बसलीय. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी, आणि अष्टमीत जरा आतल्या बाजूला तिचं घर. घर एवढंसं, दोन खोल्या आणि पडवी. पण मागचं परस मात्र असं की त्यात तसली आणखी दोन घरं बसून वर विहीर उरावी. नारळ, शेवगा, रायवळ आंबा, केळी, आवळा, आणि यांच्या मधल्या सगळ्या जागेत पावसाळाभर माजणारं गवत. भादव्यात ते तिच्या खांद्याला लागतं. पौषात वाळून पिवळं पडतं आणि मग संक्रांतीच्या आगेमागे एक दिवस धरून आत्ये सगळं परस साफ करते. एकटी. माझं सगळं भांडण या ‘एकटी’शी आहे. कामाला माणूस मिळत नाही असं नाही. नुसता निरोप धाडला तर वाडीवरची दोन माणसं येतील आणि जेवणवेळेच्या आत परस लख्ख करून जातील. तेही नको असेल तर मी आहे की. पेणहून एवढी बसनं येते ती काय परसात फुगड्या घालायला? पण नाही. ‘माझ्या परसात माझाच कोयता,’ एवढं म्हणते आणि विषय संपवते.

याच्यामागं एक करार आहे, तो सांगितल्याशिवाय माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. आतोबा गेले त्या वर्षी पुण्याचा दादा, म्हणजे आत्येचा एकुलता एक मुलगा, तिला न्यायला आला. पिशव्या भरल्या, गॅस बंद केला, गाडीची डिकी उघडली. आत्ये पडवीच्या पायरीवर जी बसली ती उठेचना. शेवटी म्हणाली, ‘ज्या वर्षी मला परस एकटीनं साफ करता येणार नाय, त्या वर्षी येईन. तू बोलवायला पण नको, मीच पिशवी भरीन. पण तोवर माझ्यापाशी हा विषय काढायचा नाय.’ दादा बिचारा भोळा सांब. त्याला वाटलं, वर्षा-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. त्यानं मान डोलावली. आता साफ झालं की नाही हे बघायचं कुणी? तर मी. का? तर मी पेणला रामवाडीत राहते आणि पुण्यापेक्षा पेण जवळ. मला कुणी विचारलं नाही. माझा पापडांचा धंदा, त्या दिवसांत उडदाच्या पिठातून माझं नाक वर येत नाही, तरी दरवर्षी सगळं टाकून मी अष्टमीला जाते, परस बघते आणि दादाला फोन करते, ‘झालं रे साफ.’ तो पलीकडून ‘बरं’ म्हणतो. ते ‘बरं’ म्हणताना त्याला आनंद होतो की वाईट वाटतं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

त्या दिवसाचा आत्येचा अवतार एकदा बघण्यासारखा असतो. साडीचा काष्टा मारलेला, वर आतोबांचा कंपनीचा निळा शर्ट, पायात आतोबांचेच गमबूट, पुढं चिंध्या कोंबून मापाचे केलेले, आणि डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट. आतोबांनी जन्मभर कंपनीत शिफ्ट केली आणि घरी येताना कंपनी टाकून देईल ते सगळं आणलं. हेल्मेटचा इतिहास असा, की एकदा आत्ये पाचोळा ओढत असताना नारळ पडला तो तिच्यापासून हातभर लांब. दुसऱ्या कुणी माणूस चढवून नारळ उतरवून घेतले असते. हिनं हेल्मेट घातलं. नारळ अजून तसेच वर लोंबतायत आणि ही खाली बिनधास्त फिरतेय. शेवग्याला आतोबांनी आणलेली पाटी बांधलीय, ‘आधी सुरक्षा, मग काम’. एका वर्षी मी गेले तर त्याच पाटीखाली टेबल, टेबलावर स्टूल, स्टुलावर आत्ये, आणि हातात करवत. मी खालून ओरडले, ‘आत्ये, त्या पाटीवर काय लिहिलंय ते बघ.’ ‘मला वाचता येतं गो,’ ती वरूनच म्हणाली, ‘म्हणून तर टोपी घातलीय.’ आणि फांदी कापत राहिली.

शिट्टीही आतोबांचीच. सकाळी उजाडलं की शिट्टी, फर्स्ट शिफ्ट चालू. त्यात कोयत्यानं गवत कापायचं, खराट्यानं पाचोळा ओढायचा, झावळ्या एका बाजूला, काट्याकुट्या दुसऱ्या बाजूला. ऊन डोक्यावर आलं की पुन्हा शिट्टी, जेवण. जेवण म्हणजे तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, तीही उभ्याउभ्या, कारण बसलं की पाय संपावर जातात असं तिचं म्हणणं. मग शिट्टी, सेकंड शिफ्ट. त्या परसात कामगार आत्ये, सुपरवायझर आत्ये आणि शिट्टी मारणारीही आत्येच. शेजारच्या वहिनी सांगतात की एकदा जेवणाची सुट्टी जरा लांबली तर ती स्वतःलाच मोठ्यानं रागावत होती. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. माणूस स्वतःला रागावायला लागला की त्याच्या जवळ कुणीतरी असायला हवं.

सेकंड शिफ्टमध्ये बांधकाम खातं. दरवर्षी काहीतरी नवीन निघतं. फुटकी कौलं उभी रोवून तिनं विहिरीपर्यंत पायवाट केलीय, तिच्यावर आत्ये सोडून प्रत्येक जण अडखळतो. कुंपणाला बांबू ठोकलेत ते असे की गाय आत येते आणि मग तिला बाहेर जाता येत नाही. एका वर्षी खुराडा बांधला. चांगला ऐसपैस, वर पत्रा, आत फळी, दाराला कडी. मी विचारलं, ‘कोंबड्या कुठायत?’ ‘नायत.’ ‘मग खुराडा कशाला?’ ‘कोंबड्या काय गो, कधीपण येतील. आल्यावर काय उन्हात उभ्या करू त्यांना?’ खुराडा अजून रिकामाच आहे. दर दिवाळीला ती त्याला आतून चुना लावते. दादाची खोलीसुद्धा ती अशीच झाडून-पुसून ठेवते आणि तो वर्षातून जेमतेम दोनदा येतो, पण हे तिच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही.

एका वर्षी शेजारच्या वहिनींना तिची दया आली. त्यांच्याकडं गवत कापायचं मशीन घेऊन एक माणूस आला होता, त्यालाच त्यांनी सांगितलं की जाता जाता आत्येंचं परस पण करून टाक. तो आत आला आणि त्यानं मशीन सुरू केलं. आत्येनं शिट्टी तोंडात धरली ती त्यानं मशीन बंद करेपर्यंत काढली नाही. मशीनचा आवाज मोठा की शिट्टीचा हे बघायला अर्धी आळी कुंपणाला येऊन उभी राहिली. शेवटी तो माणूसच थकला. जाताना त्याला चहा मिळाला आणि वर ऐकायलाही मिळालं. ‘मशीनला डोळे नसतात रे बाबा,’ आत्ये त्याला म्हणाली. ‘ते गवत पण कापतं नि माझी भांबुर्डी पण कापतं. मला कळतं काय ठेवायचं.’

भांबुर्डी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ते एक रानटी झुडूप आहे, थंडीत वालाच्या शेतात आपोआप उगवतं, आणि दुसऱ्या कुठल्याही मुलखात त्याला तण म्हणून उपटून टाकतील. पण आमच्याकडं वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ आणि ओवा, वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि वर गवत-पाचोळा रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. सगळं त्या पाल्याच्या वाफेवर शिजतं आणि त्याचा तो उग्र, ओव्यासारखा वास शेंगेच्या दाण्यापर्यंत उतरतो. भांबुर्डी नसेल तर ती पोपटी नव्हे, उकडलेल्या शेंगा. हल्ली बाजारात पाल्याच्या जुड्या मिळतात. आत्ये त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही. तिच्या विहिरीच्या कोपऱ्यात दरवर्षी भांबुर्डी उगवते, आणि परस साफ करताना ती तेवढा कोपरा सोडून देते. थोडी पोपटीला वापरायची, थोडी बियांना ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हजर. परस साफ झालं की येणाऱ्या रविवारी सगळे जमतात, पुण्याहून दादा बायकामुलांना घेऊन येतो, पेणहून आम्ही जातो, त्याच कापलेल्या गवताचा जाळ करतात, आणि कोपऱ्यातला पहिला पाला दादानं खुडायचा, हे तो चड्डीत होता तेव्हापासून ठरलेलं आहे.

तर गेल्या पौषातली गोष्ट. परस साफ व्हायच्या दिवशी मी पेणहून निघाले आणि वडखळच्या नाक्यावर माझी बस ट्रकांच्या रांगेत अशी काही रुतली की पलीकडच्या दुकानातला माणूस माझ्या ओळखीचा झाला. अष्टमीला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. आत्ये पडवीच्या पायरीवर बसलेली, डोक्यावर हेल्मेट, हातात कोऱ्या चहाचा ग्लास. मी फाटकात उभी. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं आणि म्हणाली, ‘कोण पाहिजे?’

मला वाटलं, उशीर केला म्हणून टोमणा मारतेय. माझं डोकं वडखळलाच तापलेलं. ‘परीक्षक आलेत,’ मी म्हणाले, ‘वेळ असला तर आत घ्या.’

आवाज ऐकला तशी ती हसली. ‘ये गो ये. बघून घे. एक काडी राहिली नाय.’

एक काडी राहिली नाही हे काही खरं नव्हतं. कुंपणाच्या कडेनं गवताचे पुंजके तसेच उभे होते, आंब्याखालचा पाचोळा निम्मा ओढलेला, निम्मा जागच्या जागी. मला जरा नवल वाटलं, कारण ती अशी अर्धवट सोडणाऱ्यातली नाही, पण म्हटलं वय आहे, चालायचंच. मी विहिरीकडं वळले आणि थांबले. कोपरा मोकळा होता. न्हाव्यानं वस्तरा फिरवावा तसा गुळगुळीत. सगळ्या परसात मनापासून साफ झालेली जागा तेवढीच होती. परसाच्या मधोमध रचलेल्या गवताच्या ढिगातून तो ओव्यासारखा वास येत होता. मी ढिगात हात घातला. वाळल्या गवताच्या खाली हिरवीगार भांबुर्डी, सगळी बुडाशी कापलेली.

‘आत्ये, हे काय करून ठेवलंस?’

‘काय केलं?’

‘भांबुर्डी कापलीस.’

‘छट. भांबुर्डी कशी कापीन? ती तिकडं हाय, कोपऱ्यात.’ ती उठली, गमबूट फटफट वाजवत विहिरीपर्यंत आली, आणि वाकून तिनं हातानं जमीन चाचपली. चाचपत चाचपत ती कोपऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फाटकातलं ते ‘कोण पाहिजे’ टोमणा नव्हता. तिनं मला ओळखलंच नव्हतं.

आत्ये उभी राहिली. डोक्यावरचं हेल्मेट काढून तिनं हातात धरलं. त्या दिवशी अंधार पडायच्या आत तिनं ते काढलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. ‘धुरातून बघितल्यासारखं दिसतं गो सगळं,’ ती म्हणाली. ‘वास येत होता कापताना. मला वाटलं, बाजूच्या कोपऱ्यातनं येतोय.’

मग मी बोलले. इतकी वर्षं साठवलेलं सगळं बोलले. दिसत नाही तर कोयता हातात कशाला घेतलास, डॉक्टरकडं जायला काय धाड भरली होती, विहीर दिसते का तरी, उद्या कोपरा समजून विहिरीत पाय टाकलास म्हणजे, आणि स्टुलावर चढून करवत चालवतेस, आणि मला विचारतेस कोण पाहिजे. एरवी ती माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. त्या दिवशी सगळं ऐकून घेतलं. करार परस साफ करण्याचा होता, डोळ्यांना दिसण्याचा नव्हता, असा काहीतरी वकिली मुद्दा ती काढील म्हणून मी वाट बघत होते. तोही काढला नाही. त्यानंच मला भीती वाटली.

शेवटी म्हणाली, ‘सांगशील त्याला?’

आता मला सांगा, या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायचं होतं? सांगितलं तर दादा संध्याकाळच्या आत गाडी काढील, आणि आत्ये दिलेला शब्द मोडणारी नाही, ती खरंच स्वतःच्या हातानं पिशवी भरील आणि पुण्याच्या कुठल्याशा मजल्यावर खिडकीशी बसून राहील. नाही सांगितलं तर उद्या काही झालं की सगळं खापर माझ्या डोक्यावर. आणि तेवढ्यात फोन वाजला, दादाचाच. आत्येनं फोनकडं बघितलं नाही, हेल्मेटची पट्टी बोटाला गुंडाळत राहिली.

‘झालं रे साफ,’ मी म्हणाले. ‘एक काडी राहिली नाही.’

‘बरं,’ दादा म्हणाला.

फोन ठेवला आणि मी आत्येवर घसरले. पोपटी झाली की होळीच्या आत डोळ्यांचं ऑपरेशन, पेणला, माझ्या घरी राहून, आणि कुरकुर केलीस तर दादाला सगळं सांगीन. ‘बघू,’ ती म्हणाली. ‘बघू काय बघू,’ मी म्हणाले, ‘तुला दिसतंय कुठं.’ यावर ती जरा हसली आणि मला बरं वाटलं, म्हणून मी आणखी चिडले.

आता राहिला कोपऱ्याचा प्रश्न. रविवारी दादा येणार, सवयीनं थेट विहिरीकडं जाणार, आणि तिथं भांबुर्डीच्या जागी भुईसपाट माती. आईनं स्वतःची भांबुर्डी स्वतः कापली, एवढं कळलं की पुढचं कळायला त्याला वेळ लागला नसता. म्हणून रविवारी पहिल्या बसनं मी निघाले, नागोठण्याच्या अलीकडं उतरले आणि वालाच्या एका शेताच्या बांधावर विळा घेऊन भांबुर्डी कापायला बसले. शेताचा मालक आला. ‘बाई, एवढी कशाला?’ त्यानं विचारलं. ‘लावायला,’ मी म्हणाले. ‘लावायला?’ तो म्हणाला. ‘मग सगळीच न्या.’ त्याला हसू आवरेना. मी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

आमच्या घराण्यात आजवर कुणी तण लावलेलं नाही. आम्ही दोघींनी त्या सकाळी लावलं. मी काठीनं भोकं पाडत होते, एकेक फांदी खोचून माती दाबत होते, आणि आत्ये हेल्मेट घालून माझ्या डोक्यावर उभी. ‘दाट लाव गो, आपली दाट असते.’ ‘ती वाकडी झाली.’ ‘कडेला बारकी लाव, कडेला ऊन लागत नाय.’ धड दिसत नाही, पण चुका काढायला कमी नाही. वर शिट्टी मारून मला चहाची सुट्टी दिली. मी तेव्हाच विळा टाकून पेणला निघून जायला हवं होतं. त्याऐवजी मी विहिरीचं पाणी शेंदलं आणि पाला कोमेजू नये म्हणून त्या तणाला घातलं.

दादा आला. मुलं परसात पसरली, दादाची बायको शेंगा धुवायला बसली, आणि दादा पँट दुमडून विहिरीकडं गेला. मी मागोमाग. त्यानं वाकून पहिली फांदी धरली, खुडायला म्हणून जरा ओढली, तर ती सबंध हातात आली. मूळ नाही, खाली विळ्याचा तिरपा काप. त्यानं दुसरी ओढली, तीही तशीच. त्यानं मान वर करून आईकडं बघितलं. ती पडवीत बसून शेंगा निवडत होती, एकेक शेंग बोटांनी दाबून, नजर भलतीकडंच. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या नखांत माती होती.

‘पुढच्या वर्षी जरा खोल रोव गो,’ तो हळूच म्हणाला.

आणि दुसऱ्या कुणी त्या कोपऱ्याकडं फिरकू नये म्हणून सगळा पाला त्यानं स्वतःच उपटला आणि कवेत घेऊन गेला. मला इतका राग आला म्हणून सांगू. म्हणजे मी पहाटे उठून लोकांच्या बांधावर हसं करून घ्यायचं आणि यानं एका वाक्यात निकाल लावायचा. करार यांचा, आई याची, आणि सोंग मी करायचं. पोपटी मात्र झकास झाली. मडकं उघडलं तसा वास सगळ्या आळीत गेला. आत्ये पत्रावळ घेऊन बसली आणि सगळ्यांना ऐकवायला लागली, ‘विकतच्या पाल्याला असा वास यायचा नाय. आपल्या कोपऱ्याची सर कशाला नाय.’ हे बोलताना तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. दादा म्हणाला, ‘व्हय आई,’ आणि खाली मान घालून शेंगा सोलत राहिला.

ऑपरेशन झालं. त्याआधी तिनं दिलेल्या सबबी सांगायला बसले तर हा लेख वेगळाच होईल. माझ्याकडं राहिली तेव्हा परस नव्हतं म्हणून माझ्या गॅलरीतल्या कुंड्या साफ केल्या, आणि तुळस सोडून एकही रोप जिवंत ठेवलं नाही. पट्टी काढल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, आणि म्हणाली, ‘अगो, तू एवढी पिकलीस कधी?’ मी म्हणाले, ‘तुझ्यापायीच पिकले.’ तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला.

तिला अष्टमीला सोडायला गेले तर ती घरात न शिरता थेट परसात गेली. पुंजके बघितले, पाचोळा बघितला, शेवग्याखालचे काटे बघितले. मग माझ्याकडं वळली. ‘ही साफसफाई?’ ती म्हणाली. ‘नि तू हे पास केलंस? एवढ्या विश्वासानं तुला नेमली, नि तू त्याला फोनवर खोटं सांगतेस?’ ती चिडली होती, खरोखरीची चिडली होती, आणि तशीच प्रवासाच्या साडीत कोयता घेऊन कुंपणाकडं गेली. मला आत बोलावलं नाही. मी पडवीत बसून, बोटं मोडत, तिचा कोयता ऐकत राहिले.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे परवा तिचा फोन आला. पुन्हा पौष लागलाय. ती कधी फोन करत नाही, मिस्ड कॉल देते आणि मी करायचा. परवा तिनं स्वतः केला.

‘रविवारी परस काढतेय,’ ती म्हणाली.

‘मग मी दुपारी येते बघायला.’

‘सकाळी ये.’

‘सकाळी येऊन काय करू? फाटकात उभी राहू?’

मग म्हणाली, ‘होतं मला एकटीनं. होतं म्हणजे होतंच. डोळे आता लख्ख हायत. पण वाकलं की उठवत नाय गो लवकर. कोपरा माझा मी करीन, बाकीचं तू धर.’ आणि आवाज खाली आणून, ‘त्याला सांगू नको. नि टोपी एकच हाय, तुझी तू आण.’

मी फोन ठेवला आणि मला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून भयंकर राग आला. इतकी वर्षं मी हेच तर मागत होते. तिनं एकदा तोंडानं म्हणावं, ये, धर. आता म्हणाली, तर वाटतंय की नसतं म्हणाली तर बरं झालं असतं. ‘माझ्या परसात माझाच कोयता’ असं खेकसून तिनं मला फाटकातच उभी केली असती, तर मी काय सुखानं चिडले असते. आता चिडायचं तरी कुणावर?

रविवारी संध्याकाळी दादाला फोन करून काय सांगायचं ते ठरलेलंच आहे. तो ‘बरं’ म्हणेल, आणि या वेळी कदाचित मला त्या ‘बरं’चा अर्थ कळेल. घरात स्कूटीचं हेल्मेट आहे, लाल, एका बाजूनं खरचटलेलं. ते मी खुंटीवरून काढून, पुसून, पिशवीशेजारी ठेवलंय, रविवारी घाईत विसरायला नको म्हणून.